एकशे सतराच्या वाट्याचं आकाश

सोमवार, ६ जून १९९४

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या दारात, संचालक डॉ. थर्स्टन केल यांनी मला कोणाची तरी आजी समजून विचारलं, की नातवाचा डबा द्यायला आलात का. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. मी त्यांना सांगितलं, की मी लिओकाडिया प्रुझिन्स्की. तुमचे तारे ज्या प्रोग्रॅमवर फिरतात तो मी लिहिलेला आहे, आणि उन्हाळाभर इथे येऊन तो नव्या मशीनवर बसवून द्या, अशी विनंती करणाऱ्या पत्रावर सही तुमचीच आहे. त्यांचे कान लाल झाले. छान दिसत होते.

बाकी दिवस आनंदात गेला. निवृत्त झाल्यापासून मी शिकागोतल्या फ्लॅटच्या भिंतींना टोमणे मारत होते. आता माणसं मिळाली. राहायची सोय हार्म्स नवरा-बायकोकडे, माडीवरच्या खोलीत. ड्वेन हार्म्स केंद्रातल्या मशीनची देखभाल करतो. आर्लीन शाळेच्या ग्रंथालयात असते, म्हणजे उन्हाळ्यात घरीच. खिडकीतून पाहावं तिकडे मका, आणि जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट.

ड्वेन पन्नाशीचा, पोट सुटलेला, सदा दात काढणारा. मी पोलिश नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे कळल्याबरोबर त्याने मला सिस्टर म्हणायला सुरुवात केली. काय हो सिस्टर, आम्ही ल्यूथरन लोक, आमच्या घरात झोप लागेल ना तुम्हाला, म्हणे. मी म्हटलं, घोरणाऱ्याचा धर्म मी विचारत नाही. आर्लीन इतकी हसली की तिच्या हातातला डाव पडला. म्हणाली, बाई, तुम्ही सप्टेंबरपर्यंत जाऊच नका.

गुरुवार, ९ जून

मशीन पाहिलं. बर्फासारख्या गार खोलीत काळ्या कपाटांची रांग, त्यांत दोनशे छप्पन्न प्रोसेसर. माझ्या तरुणपणी एकच होता आणि आम्ही त्याच्यापुढे हलक्या आवाजात बोलायचो.

काम समजायला सोपं आहे, करायला नाही. एका तारकागुच्छात अडीच लाख तारे. प्रत्येक तारा बाकीच्या प्रत्येकाला ओढतो. सगळ्यांचा सगळ्यांशी हिशेब मांडत बसलं तर माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही, म्हणून लांबच्या ताऱ्यांचा घोळका एकच मोठा तारा समजायचा. आपण नाही का शिकागोत बसून 'ते कॅन्ससचे लोक' म्हणतो, एकेकाचं नाव न घेता? तसंच. जवळच्यांना मात्र नाव घेऊनच मोजावं लागतं. मग आकाशाचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा. जिथे दाटी तिथे तुकडा लहान, म्हणजे काम सगळ्यांना सारखं. एक पायरी झाली की सगळे थांबतात. सर्वांत मागे राहिलेला उरकेपर्यंत पुढची पायरी कोणी उचलायची नाही.

कॉन्व्हेंटच्या जेवणघरात हाच नियम होता. शेवटची मुलगी सलगम संपवेपर्यंत कोणी उठायचं नाही. मीच ती शेवटची असायचे.

बुधवार, १५ जून

प्रोग्रॅम चालला. दुसऱ्याच झटक्यात चालला. डॉ. केलनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला, आणि आजी म्हटल्याबद्दल मी त्यांना जवळजवळ माफ केलं. त्यांनी विचारलं, की दोन तारे एकमेकांच्या फार जवळ आले तर अडचण येते ना? मी म्हटलं, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमला येते. माझा कोणतीही जोडी पचवतो.

हे मी म्हणायला नको होतं.

सोमवार, २० जून

गुच्छाच्या मध्याजवळ दोन तारे एकमेकांना सापडले आहेत. इतके जवळ, की एकमेकांभोवती गरगर फिरताहेत, आणि जितकं फिरणं वेगाचं तितकी हिशेबाची पावलं बारीक. तो तुकडा एकशे सतरा नंबरच्या प्रोसेसरकडे आहे. त्या दोघांसाठी अडीच लाख ताटकळले आहेत. ड्वेन म्हणतो, नवं लग्न झालंय त्यांचं सिस्टर, जरा वेळ द्या. डॉ. केल वेळ देणार नाहीत. ऑगस्टमधल्या परिषदेत दाखवायची चित्रं त्यांना महिनाअखेर हवीत.

अशा जोडीसाठी वेगळी युक्ती लिहावी लागते. तीन आठवडे लागतील. पण तीन आठवडे मागायचे म्हणजे तोंडाने कबूल करायचं, की माझ्या प्रोग्रॅमला ही जोडी पचत नाही.

बुधवार, २२ जून

जोडी काढून टाकली. दोघांनाही. पुसून टाकले.

या धंद्यात हे सगळेच करतात. पण करणारा तसं सांगतो: अमुक जोडी अडत होती, ती वगळली. मी कोणालाच सांगितलं नाही. डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुन्या अवस्थेवर नवी अवस्था लिहिली. आता ते दोघे कुठे होते आणि कोणत्या वेगाने चालले होते, हे कुठेही शिल्लक नाही. केलना सांगितलं, की अडचण दूर केली. ते म्हणाले, जादूगार आहात. घरी आर्लीनने माझ्यासाठी र्‍हुबार्बचा केक केला होता. दोन तुकडे खाल्ले. गोड लागले नाहीत.

सोमवार, २७ जून

काहीतरी चुकतं आहे. जोडी गेल्यावर आजूबाजूच्या ताऱ्यांनी मोकळं होऊन दूर पांगायला हवं. बांधणाराच राहिला नाही तर बांधलेले राहतील कसे? ते पांगले नाहीत. पूर्वीसारखेच त्या जागेभोवती फिरताहेत. जागा रिकामी आहे. ते फिरताहेत.

आणि एकशे सतरा अजूनही सर्वांत मागे. जोडी गेल्यावर वाटणी नव्याने झाली, तेव्हापासून त्याच्या तुकड्यात एकही तारा नाही. मी त्याला विचारलं, तुझ्याकडे किती? उत्तर आलं, शून्य. ज्याच्याकडे करायला काही नाही त्याच्यासाठी बाकीचे दोनशे पंचावन्न खोळंबले आहेत. मग तो करतो काय एवढा वेळ?

ड्वेनने मला सरळ विचारलं, की सिस्टर, तुम्ही ताऱ्यांत काही कमी-जास्त केलंय का? नसेल तर दोष त्या प्रोसेसरच्या बोर्डाचा, मग मला कपाट उघडावं लागेल. मी नन्सच्या चढ्या स्वरात म्हटलं, की माझ्या कामात मी कमी-जास्त करत नसते. त्याने कान पकडले आणि हत्यारांची पेटी आणायला गेला.

गुरुवार, ३० जून

दुपारी ड्वेन जेवायला गेला तेव्हा मी तो रिकामा तुकडा बेचाळीस नंबरला देऊन पाहिला. बेचाळीस मागे पडला. एकशे सतरा घोड्यासारखा पळाला. म्हणजे दोष बोर्डाचा नाही, आकाशाच्या त्या तुकड्याचा आहे. तीन दिवस ड्वेन एकशे सतराच्या कपाटात डोकं खुपसून बसला आहे ते फुकट.

त्याला सांगायला हवं होतं. पण हे सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, त्या तुकड्यात आधी काय होतं?

मी तुकडा परत एकशे सतराला देऊन टाकला. ड्वेन आला तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं, आणि मी पेन्सिलीला टोक करत होते. इथे स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर मलाच गोडीगुलाबीने वेगळं आठवायला नको: संशय बोर्डावरच राहावा म्हणून मी तो तुकडा परत दिला.

सोमवार, ४ जुलै

पार्कात सहल. बटाट्याचं सॅलड, मका, बँड, डोकं भाजणारं ऊन. पुरुष घोड्याचे नाल फेकून खांबात अडकवायचा खेळ खेळत होते. ड्वेन त्यात गावचा उस्ताद. आज त्याचा एकही नाल खांबाकडे गेला नाही. हातातून सुटला की प्रत्येक नाल पश्चिमेला वळायचा. लोकांनी त्याला सोडलं नाही; आर्लीन, तुझ्या नवऱ्याला नवा चष्मा घे गं, नाहीतर बिअर तरी बंद कर. तोही हसत होता. मग हसता हसता थांबला आणि स्वतःच्या हाताकडे पाहू लागला.

तो उभा होता तोही सरळ नव्हता. वाऱ्यातल्या झाडासारखा एका बाजूला कललेला. वारा मुळीच नव्हता. पार्काच्या पश्चिमेला विद्यापीठ आहे.

शुक्रवार, ८ जुलै

रात्रीच्या जेवणाला मक्याचं सूप. माझ्या ताटलीत सूप सपाट. आर्लीनच्या ताटलीत सपाट. ड्वेनच्या ताटलीत पश्चिमेच्या काठाला चढलेलं, पूर्वेकडे तळ उघडा.

आर्लीनने ते पाहिलं. मी पाहिलं. ड्वेनने ताटली फिरवली. ताटली फिरली, सूप नाही फिरलं. तो म्हणाला, आर्लीन, पीठ जास्त घातलंस वाटतं. कोणी हसलं नाही.

मंगळवार, १२ जुलै

आर्लीन जिन्यात गाठून म्हणाली, की सकाळी त्याची बाजू भिंतीला लागलेली असते, पलंगासकट. तिने पलंगाच्या पायांखाली लाकडी पाचरी ठोकल्या, त्याही सरकल्या. डॉक्टर म्हणतात कानाचा दोष. तिने माझा हात धरून विचारलं, तिथे त्या मशीनमध्ये काही वाईट आहे का हो? तुम्हाला कळतं त्यातलं. तुम्ही सांगा, नका जाऊ म्हणून. माझं ऐकत नाही तो.

मी म्हटलं, मशीन फक्त बेरजा करतं.

ऑफिसात जाऊन त्या जागी अंदाजाने दोन तारे परत ठेवले. एका पायरीत दोघेही गुच्छाबाहेर फेकले गेले, दाराबाहेर ढकलावं तसे. जागा रिकामी असती तर राहिले असते.

गुरुवार, १४ जुलै

सांगितलं. मशीनच्या खोलीत, दुपारी, सगळं सांगितलं. जोडी, तुकडा, बेचाळीस नंबर. ड्वेन कपाटाला टेकून ऐकत होता. टेकून नव्हे, चिकटून. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. म्हणाला, दोन आठवडे मी या बोळकांडीत गुडघे घासतोय, सिस्टर. आणि तुम्ही शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होतात?

मी हो म्हटलं.

तो म्हणाला, घरी आर्लीनला हे तुम्ही सांगायचं, मी नाही. मग म्हणाला, आतला पंखा सुटा ठेवलाय तेवढा बसवून येतो. मी म्हटलं, नको. राहू दे पंखा. तो म्हणाला, उघडं टाकून जाणारा मी नाही.

कपाटाच्या मागे माणूस आडवा उभा राहील एवढी जागा आहे, आणि पुढे भिंत. दुसरं दार नाही. मी समोरच उभी होते.

तो बाहेर आला नाही.

मागे कोणी नव्हतं. त्याचा चष्मा होता, उभ्या बोर्डावर, टेबलावर ठेवावा तसा नीट पडलेला. खाली पडत नव्हता. मी काढायला गेले तर जड. एवढासा चष्मा—

शुक्रवार, १५ जुलै

पोलीस येऊन गेले. मी पाहिलं ते सांगितलं. हवालदाराने विचारलं, तुमचं वय काय.

डॉ. केल म्हणाले, पन्नाशीत पुरुषांना असं होतं, कुठेतरी निघून जातात. न सांगता नोकरी सोडली, असंच ते लिहिणार आहेत. मग, आवाज तेवढाच मऊ ठेवून, म्हणाले की कालपासून मशीन फार छान चाललं आहे, तुमच्या लक्षात आलं का? दुप्पट वेगाने.

लक्षात आलं होतं. मी एकशे सतराला विचारलं, तुझ्याकडे किती?

एक.

सोमवार, १८ जुलै

गुरूवर धूमकेतूचे तुकडे आदळताहेत. सगळा विभाग दुर्बिणींपाशी. केलना गाठून जोडीचं सांगितलं, लेखी दिलं, मशीन थांबवा म्हटलं. ते म्हणाले, दोन तारे वगळले? एवढंच? बाई, हे तर आम्ही सगळेच करतो. मी स्वतः थांबवायला गेले तर माझा पासवर्ड बदललेला.

घरी आर्लीन भांडी घासत होती. तिच्या कानातली लटकणारी डुलं सरळ लटकत नव्हती. दोन्ही एकाच दिशेला.

जोडी होती. मी दोघांना काढलं होतं.

बुधवार, २० जुलै

आर्लीनला सांगितलं. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

ती एवढंच म्हणाली, त्याने मला सांगितलं असतं तर मी त्याला घरातच बांधून ठेवलं असतं, आणि तुम्ही सांगितलं असतं तर त्याची गरजच पडली नसती. मग बराच वेळ नळ चालू. मग विचारलं—

एकटाच आहे का तो तिथे?

मी म्हटलं, आर्लीन, नाही. नाही, ऐक. ती पर्स शोधू लागली. चपला घालू लागली. म्हणाली, तीस वर्षांत एकटा जेवलेला नाही तो माणूस.

ड्वेनच्या किल्ल्या खुंटीवरून काढून मी माझ्या खिशात टाकल्या. ती दारापर्यंत चालत नव्हती. घसरत होती.

गुरुवार, २१ जुलै

मशीनच्या खोलीत. सकाळपासून. दार आतून लावलं आहे. मशीनची वीज तोडायचा खटका तळघरात कुलपात, आणि त्याची किल्ली ड्वेनच्या किल्ल्यांत नाही.

माझी समजूत होती, मी आधी जाईन. माझं पाप, माझी जागा. कपाटाच्या मागे जाऊन उभी राहिले. बोर्डाला पाठ लावली. प्रार्थना म्हटली, पश्चात्तापाची, पूर्ण. काहीच नाही. मी सरळ उभी. केस सरळ. जपमाळ हातातून सोडली, सरळ खाली पायावर पडली.

मला ओढत नाही. मी त्याची कोणी नाही. नाव घेऊन मोजतंय ते.

बाहेर आर्लीन आली आहे. किल्ली नाही तिच्याकडे. दार ठोठावत नाही, नुसती टेकली आहे. पण बिजागऱ्या वाकताहेत. एवढीशी बाई. टेबल लावलं, खुर्च्या लावल्या, मी पाठ लावून बसले आहे, आणि लिहिते आहे—

डॉ. थर्स्टन केल यांस. मी, लिओकाडिया प्रुझिन्स्की, कळवते की दोष ड्वेन हार्म्सचा नव्हता, मशीनचा नव्हता, माझा होता. तो नोकरी सोडून गेलेला नाही. तसं लिहिलं असेल ते खोडा. मशीन ताबडतोब बंद करा. एकशे सतरामागची भिंत फोडा. आर्लीन हार्म्सला या खोलीत, या इमारतीत, पाऊल टाकू देऊ नका, धरून ठेवावं लागलं तरी. तिचा नवरा कुठे आहे, याचं उत्तर मला नको, तिला द्या. लेखी. तुमच्या सहीने. शुक्रवार, २२ जुलै, दुपारी बारा वाजायच्या आत. त्यानंतर मी—

वरची बिजागरी गेली.

ती मला नाव घेऊन हाक मारते आहे. लिओ, बाजूला व्हा हो, लागेल तुम्हाला, म्हणते आहे. मला लागेल म्हणून—

आर्लीन, नको. मी धरलंय, मी सोडणार नाही. लेखी हवं आहे, बारा वाजायच्या आत, तिला, तिच्या हातात, आणि जर ती तोवर